इन्यो काउंटी: जमीन अफाट, घर बांधायला जागा नाही

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडा राज्याला लागून इन्यो नावाची काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे १९,०१६ माणसं मोजली गेली. काउंटीची जमीन आहे २६,३६८ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला ०.७२ माणूस येतो. महाराष्ट्रात सर्वांत विरळ वस्ती गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिथेही दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं राहतात.

एवढी जमीन रिकामी का, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, उंच डोंगर आणि वाळवंट, तिथे राहणार कोण? हे खोटं नाही, पण निम्मंच उत्तर आहे. याच काउंटीत ओवेन्स व्हॅली नावाचं सुमारे १२० किलोमीटर लांबीचं खोरं आहे. तिथे नदी आहे, दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून उतरणारे ओढे आहेत, हवा सोसण्यासारखी आहे आणि एके काळी तिथे बऱ्यापैकी शेतीही होत होती. तरीही त्या खोऱ्यातली गावं शंभर वर्षांत फारशी वाढली नाहीत. त्याचं कारण उंचीच्या नकाशात सापडत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि पाण्यावर हक्क कोणाचा आहे, हे पाहिलं की ते सापडतं.

काउंटी म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत राज्याच्या खालचा टप्पा काउंटीचा. आपण सोयीसाठी तिला जिल्हा म्हणतो, पण जिल्हाधिकाऱ्यासारखा राज्याने नेमलेला प्रमुख तिथे नसतो. इन्योचा कारभार निवडून आलेल्या पाच जणांचं मंडळ पाहतं. शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, आणि मालमत्तेचं मूल्य ठरवणारा अधिकारी हेही मतदानाने निवडले जातात.

दुसरा फरक लोकसंख्या समजून घेताना फार उपयोगी पडतो. ज्या वस्तीने रीतसर नगरपालिका स्थापन केली आहे तिलाच कायद्याने ‘शहर’ म्हणतात. अख्ख्या इन्योत असं शहर एकच आहे: १९०३ मध्ये नगरपालिका झालेलं बिशप. लोन पाइन, बिग पाइन, टेकोपा, इतकंच काय पण काउंटीचं मुख्यालय असलेलं इंडिपेंडन्स, यांतल्या एकाही गावाला नगरपालिका नाही. तिथले रस्ते, बांधकाम परवाने, पोलीस हे सगळं थेट काउंटीकडे असतं. जनगणना कार्यालय अशा वस्त्यांभोवती फक्त मोजणीपुरती एक हद्द आखतं. ती हद्द म्हणजे गावाची कायदेशीर शीव नव्हे, आणि पुढच्या जनगणनेत ती बदलूही शकते. ‘दहा वर्षांत गाव एवढ्या टक्क्यांनी वाढलं’ असं वाचलं, तर आधी दोन्ही वेळची हद्द तीच होती का, हे पाहावं.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना

इन्योची पश्चिम सीमा सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्यावरून जाते. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, माउंट व्हिटनी, याच सीमेवर आहे. उंची ४,४२१ मीटर. उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन, डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, तीही याच काउंटीत. दोन्ही ठिकाणांमधलं हवाई अंतर सुमारे १३६ किलोमीटर आणि उंचीतला फरक साडेचार हजार मीटर.

सिएराचा पश्चिम उतार लांबलचक आणि मंद आहे, पूर्वेची बाजू मात्र कड्यासारखी तुटलेली. लोन पाइन गाव १,१३६ मीटरवर आहे आणि तिथून व्हिटनीचं शिखर सरळ रेषेत वीस-एकवीस किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात जमीन ३,३०० मीटर वर चढते. म्हणून या बाजूने पर्वत ओलांडणारा रस्ताच नाही. उत्तरेला शेजारच्या मोनो काउंटीतला टायोगा घाट आणि दक्षिणेकडचे शर्मन व वॉकर घाट, यांच्या मधल्या पट्ट्यात सिएरा पार करणारा गाडीरस्ता एकही नाही, आणि टायोगा व शर्मन हे दोन्ही घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. राज्यमार्ग १६८ नकाशावर पर्वताच्या दोन्ही बाजूंना दिसतो, पण त्याचे दोन तुकडे कधीच जोडले गेले नाहीत. इंडिपेंडन्सहून फ्रेस्नो शहर हवाई मार्गाने साधारण १४० किलोमीटर. घाट बंद असताना गाडीने जायचं तर दक्षिणेकडून वळसा घालून जवळपास तिप्पट अंतर कापावं लागतं.

सिएरा उतरलं की ओवेन्स व्हॅली. तिच्या पूर्वेला व्हाइट आणि इन्यो पर्वतांची रांग, तीही तीन हजार मीटरच्या वर जाते. रांगेपलीकडे सलाइन आणि पॅनामिंट ही कोरडी खोरी, मग पॅनामिंट पर्वत, त्यातलं टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटरचं. त्यानंतर डेथ व्हॅली, तिच्याही पलीकडे अमार्गोसा रांग, आणि शेवटी नेवाडाच्या सीमेजवळ शोशोन आणि टेकोपा या छोट्या वस्त्या.

पर्वत-खोरं-पर्वत-खोरं अशी ही मांडणी योगायोगाने झालेली नाही. या भागातलं भूकवच पूर्व-पश्चिम ताणलं जात आहे. ताण पडला की कवचाला साधारण उत्तर-दक्षिण भेगा पडतात, काही पट्टे खाली खचतात आणि बाजूचे वर राहतात. खचलेला पट्टा म्हणजे खोरं. ओवेन्स व्हॅलीच्या सपाट दिसणाऱ्या तळाखाली डोंगरांतून वाहून आलेला गाळ काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जास्त जाडीचा आहे. हा गाळ भूजलाचा मोठा साठा धरून ठेवतो, आणि पुढे ज्या पाण्यावरून भांडणं झाली त्यात हे भूजलही आहे.

ही हालचाल थांबलेली नाही. २६ मार्च १८७२ च्या पहाटे ओवेन्स व्हॅलीतल्या प्रस्तरभंगावर मोठा भूकंप झाला. लोन पाइनमधल्या ५९ घरांपैकी ५२ कोसळली आणि २७ माणसं दगावली. घरं कच्च्या विटांची होती. अशी जड, जोड नसलेली भिंत आडव्या हादऱ्यात टिकत नाही, म्हणून मृत्यू इतके झाले.

पाऊस अडतो तो एकदा नाही

महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि थोडं पूर्वेला माण-खटावात टँकर लागतात, त्याला आपण पर्जन्यछाया म्हणतो. इन्योत तोच प्रकार आहे, फक्त पाऊस अडवणाऱ्या भिंती एकामागे एक उभ्या आहेत. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा सिएराच्या पश्चिम उतारावरून वर चढते, थंड होते आणि पाणी तिथेच टाकते. त्या उतारावर मधल्या उंचीच्या ठिकाणी वर्षाला हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि बर्फ मिळतं. माथा ओलांडून खाली उतरणारी हवा कोरडी झालेली असते, आणि कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंश तापते. बिशपला वर्षाकाठी जेमतेम १२५-१३० मिलिमीटर पाऊस पडतो. पुढे इन्यो आणि पॅनामिंट पर्वत पुन्हा तेच करतात. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला पोचेपर्यंत वर्षाची सरासरी ५५-५६ मिलिमीटरवर आलेली असते.

फर्नेस क्रीक इतकं तापतं ते मात्र केवळ पाऊस नाही म्हणून नव्हे. जमीन समुद्रसपाटीखाली आहे, त्यामुळे उतरणारी हवा जास्तच तापते. माती उघडी आहे, झाडोरा नाही, म्हणून उन्हाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत नाही. आणि खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यामुळे गरम हवा वर जाऊन थोडी निवते आणि पुन्हा खाली येऊन तापते. १० जुलै १९१३ रोजी तिथे नोंदलेलं ५६.७ अंश सेल्सिअस हे जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीतलं आजवरचं सर्वाधिक तापमान आहे.

कोरड्या जागी पुराचा धोका कमी, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात इथे तो मोठा आहे. उतार उघडे आणि कडक असल्याने पडलेलं पाणी मुरत नाही, दरीच्या तोंडातून दगडगोट्यांसह एकदम बाहेर येतं. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या अवशेषांमुळे फर्नेस क्रीकला एका दिवसात ५५.९ मिलिमीटर पाऊस झाला. वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला, आणि डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान जवळपास दोन महिने बंद राहिलं. ओवेन्स व्हॅलीत धोक्याचं रूप थोडं वेगळं. तिथली गावं ओढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यांवर किंवा त्यांच्या पायथ्याशी वसली आहेत, कारण पाणी तिथेच मिळतं. २००७ मध्ये इंडिपेंडन्सजवळच्या ओक क्रीकच्या पाणलोटात वणवा पेटला. झाडोरा जळाला, माती सुटी झाली, आणि १२ जुलै २००८ च्या एका जोरदार सरीत चिखल-दगडांचा लोंढा खाली येऊन घरांचं आणि जुन्या मत्स्यपालन केंद्राचं मोठं नुकसान झालं. वणव्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं अशा लोंढ्यांसाठी सर्वांत धोक्याची असतात.

माणसं राहतात तरी कुठे

जवळजवळ सगळी वस्ती ओवेन्स व्हॅलीत, महामार्ग ३९५ च्या कडेला आहे. उत्तरेकडून बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स, लोन पाइन. २०२० मध्ये बिशप शहरात ३,८१९ माणसं होती. हा आकडा पाहून ‘केवळ एक पंचमांश लोक बिशपमध्ये’ असं म्हटलं तर फसगत होते. शहराच्या हद्दीला चिकटून वेस्ट बिशप, डिक्सन लेन-मेडो क्रीक आणि बिशप पायूट या मूळ अमेरिकन जमातीचं राखीव क्षेत्र आहे. दुकानं, दवाखाने, शाळा यांसाठी ही सगळी एकच वस्ती आहे. ती एकत्र धरली तर काउंटीतली निम्म्याहून अधिक माणसं तिथे येतात.

दक्षिण-पूर्वेचं टोक म्हणजे वेगळंच जग. २०१० मध्ये टेकोपात १५० आणि शोशोनमध्ये ३१ रहिवासी होते. शोशोनहून काउंटीच्या मुख्यालयाला जायचं तर डेथ व्हॅली आणि पॅनामिंट ओलांडून सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवावी लागते. नेवाडातलं पाह्रम्प गाव पन्नासेक किलोमीटरवर आहे, म्हणून बाजारहाट तिकडे होतो. राज्यमार्ग १९० पुराने वाहून गेला की हे टोक स्वतःच्या काउंटीपासून तुटतं. काउंटीला मात्र रुग्णवाहिका, पोलीस, रस्ता दुरुस्ती हे सगळं तिथेही पुरवावं लागतं. एवढ्या थोड्या लोकांमागे एवढं अंतर, यामुळे माणशी खर्च दाट वस्तीच्या काउंटीपेक्षा कितीतरी जास्त येतो.

सरासरी घनता इथे किती फसवी आहे, ते एका हिशोबात कळतं. बिशप शहराचं क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस किलोमीटर. तिथली घनता दर चौरस किलोमीटरला पावणेआठशेच्या आसपास येते. म्हणजे ०.७२ या सरासरीत राहणारा माणूस इन्योत जवळपास नाहीच; लोक दाटीने राहतात आणि त्यांच्याभोवती रिकामी जमीन आहे.

जमीन कोणाची

काउंटीची सुमारे ९२ टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा बहुतांश भाग, इन्यो राष्ट्रीय वनाचा मोठा हिस्सा, भूव्यवस्थापन खात्याची माळरानं, चायना लेकच्या नौदल चाचणी क्षेत्राचा भाग, हे सगळं त्यात आलं. सुमारे ४ टक्के जमीन, म्हणजे अडीच लाख एकर, लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज खात्याची आहे. राज्य सरकारचा छोटा वाटा आहे. खासगी मालकीची जमीन २ टक्क्यांहूनही कमी.

दोन टक्के म्हणजे साधारण ५०० चौरस किलोमीटर. सगळी लोकसंख्या त्या जमिनीवरच राहते असं ढोबळ मानानं धरलं, तर घनता दर चौरस किलोमीटरला ३८ च्या आसपास जाते, सरासरीच्या पन्नासपट. राखीव क्षेत्रांत राहणारे लोक या हिशोबात बसत नाहीत, म्हणून तो अंदाजच समजावा, पण अडचण कुठे आहे ते त्यातून कळतं. घरांसाठी लागणारी जमीन इतकी तोकडी आहे की मागणी वाढली तरी गाव पसरू शकत नाही. मग भाडी चढतात, आणि नोकरी मिळूनही राहायला जागा न मिळाल्याने शिक्षक, परिचारिका यांसारखी माणसं टिकवणं अवघड होतं.

लॉस एंजेलिसची चार टक्के जमीन हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. कारण ही जमीन शिखरांवर किंवा खारट वाळवंटात नाही. ती खोऱ्याच्या तळाशी, नदी आणि ओढ्यांच्या काठाने आहे. जिथे वस्ती आणि शेती होऊ शकते नेमकी तिथे. त्यातली बरीच जमीन गुराख्यांना चराईसाठी भाडेपट्ट्याने दिलेली असते.

पाणी कसं गेलं

गोऱ्या वसाहतकारांच्या आधीपासून ओवेन्स व्हॅलीतले पायूट लोक ओढ्यांतून पाट काढून रानटी कंद आणि बियांची कुरणं भिजवत असत. १८६० च्या दशकात गुरं घेऊन आलेल्या वसाहतकारांनी त्याच कुरणांवर ताबा मिळवला, चकमकी झाल्या आणि १८६३ मध्ये लष्कराने शेकडो पायूटांना दक्षिणेतल्या फोर्ट टेहोनला हाकललं. १८६६ मध्ये इन्यो काउंटी स्थापन झाली. इन्यो पर्वतातल्या सेरो गोर्दो खाणींतून चांदी आणि शिसं निघू लागलं. १८७२ पासून ते धातू ओवेन्स सरोवरातून आगबोटीने पलीकडे नेले जात. आज जिथे मिठाची कोरडी जमीन आहे तिथे तेव्हा आगबोट चालत होती.

ओवेन्स नदी समुद्राला मिळत नव्हती. सिएराचं बर्फ वितळून येणारं तिचं पाणी खोऱ्याच्या दक्षिण टोकाला सुमारे २८० चौरस किलोमीटरच्या ओवेन्स सरोवरात साठायचं. १९०५ पासून लॉस एंजेलिसने खोऱ्यातल्या जमिनी आणि त्यांच्यासोबतचे पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. अभियंता विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली १९०८ ते १९१३ मध्ये ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहिनी मार्ग बांधला गेला आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला पाणी शहरात पोचलं. खोरं उंचावर असल्यामुळे हे पाणी एकाही पंपाशिवाय, केवळ उताराने वाहतं. शहराच्या दृष्टीने एवढं स्वस्त पाणी दुसरीकडून मिळणं कठीण होतं.

इथे कायद्याची बाजू लक्षात घ्यायला हवी. कॅलिफोर्नियात पाण्याचे बरेचसे हक्क जमिनीशी बांधलेले किंवा आधी वापर सुरू करणाऱ्याला मिळालेले असतात. नदीकाठची शेतं आणि पाटबंधारे कंपन्यांचे समभाग विकत घेतले की त्यांच्यामागचं पाणीही येतं. शेजाऱ्याने विकलं की सामायिक पाट चालवायला उरलेल्यांना परवडत नाही, मग तेही विकतात. १९२० च्या दशकात खरेदीचा जोर वाढला तेव्हा हेच झालं. चिडलेल्या रहिवाशांनी १६ नोव्हेंबर १९२४ ला लोन पाइनजवळचे जलवाहिनीचे अलाबामा दरवाजे ताब्यात घेऊन शहराकडे जाणारं पाणी चार दिवस पुन्हा नदीकडे वळवलं. जलवाहिनीवर सुरुंगही लावले गेले. खरेदी थांबली नाही. शेतांपाठोपाठ गावांतले भूखंडही शहराने घेतले. १९२६ पर्यंत ओवेन्स सरोवर जवळजवळ कोरडं पडलं.

सरोवर गेल्यावर तळाचा क्षारयुक्त गाळ उघडा पडला. वाऱ्याने उडणारी ही धूळ बारीक असते: दहा मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, जे श्वासातून फुफ्फुसांत जातात. हवेत अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम आहे आणि इथे ती कित्येकपट ओलांडली जायची. अनेक दशकं हे अमेरिकेतलं या प्रकारच्या धुळीचं सर्वांत मोठं एकल उगमस्थान होतं. स्थानिक हवा-नियंत्रण मंडळाच्या पाठपुराव्याने २००१ पासून शहराला उपाय सुरू करावे लागले. उथळ पाणी सोडून पृष्ठभाग ओला ठेवणं, क्षार सोसणारं गवत लावणं, जाड खडीचा थर पसरणं, आणि जमीन नांगरून वाऱ्याला आडवी ढेकळं उभी करणं. पाणी सोडणं सर्वांत खात्रीचं, पण त्यात पाणी खूप जातं. खडीला पाणी लागत नाही, पण ती महाग, आणि तिच्याखालून क्षार वर येऊ नये म्हणून कापड अंथरावं लागतं. शहराचा यावरचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे.

१९७० मध्ये दुसरी जलवाहिनी झाली आणि ती भरण्यासाठी भूजलाचा उपसा वाढला. झरे आटले, पाण्यावर जगणारी कुरणं सुकू लागली. काउंटीने न्यायालयात धाव घेतली आणि १९९१ मध्ये दीर्घकालीन पाणी करार झाला. नैसर्गिक झाडोरा १९८० च्या दशकातल्या पाहणीत दिसला त्या पातळीच्या खाली जाणार नाही इतपतच उपसा, हे त्याचं मूळ तत्त्व. डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या सुमारे १०० किलोमीटरच्या कोरड्या पात्रात पुन्हा कायमचा प्रवाह सोडला गेला. नदी पुन्हा वाहते, पक्षी परतले, पण शेतीची जमीन आणि तिचं पाणी परत आलेलं नाही.

आकड्यांत उमटलेला इतिहास

आता जनगणनेचे आकडे पाहिले तर ते बोलू लागतात. १९१० मध्ये इन्योत ६,९७४ माणसं होती, १९२० मध्ये ७,०३१, आणि १९३० मध्ये ६,५५५. त्याच दहा वर्षांत लॉस एंजेलिस शहर ५,७६,६७३ वरून १२,३८,०४८ वर गेलं. नंतर बिशपजवळच्या पाइन क्रीकची टंगस्टन खाण, रस्ते आणि पर्यटन यांमुळे काउंटी वाढली: १९५० मध्ये ११,६५८, १९७० मध्ये १५,५७१, १९८० मध्ये १७,८९५. त्यानंतर जवळपास थांबली. १९८० ते २०२० या चाळीस वर्षांत फक्त १,१२१ माणसं वाढली, सहा टक्के. अख्खं कॅलिफोर्निया तेवढ्या काळात सुमारे ६७ टक्क्यांनी वाढलं.

आकडे जे लपवतात त्याचं सर्वांत मोठं उदाहरणही इथेच आहे. १९४० मध्ये काउंटीची लोकसंख्या ७,६२५ होती. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत कोंडलं. त्यातली मँझनार छावणी इंडिपेंडन्स आणि लोन पाइनच्या मधे, लॉस एंजेलिसच्याच जमिनीवर होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे १०,०४६ माणसं होती, उरलेल्या काउंटीतल्या सगळ्या रहिवाशांपेक्षा जास्त. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. छावणी नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाली. जनगणना १९४० ची आणि मग १९५० ची. म्हणून दहा वर्षांच्या तक्त्यात मँझनारचा मागमूसही दिसत नाही. फक्त तक्ता वाचणाऱ्याला काउंटीतली सर्वांत मोठी वस्ती कधी होती हेच कळणार नाही.

मूळ रहिवाशांचं प्रमाण इन्योत लक्षणीय आहे. २०१० मध्ये सुमारे ११ टक्के लोकांनी आपला वंश मूळ अमेरिकन असा नोंदवला. बिशप, बिग पाइन, फोर्ट इंडिपेंडन्स आणि लोन पाइन इथे पायूट व शोशोन लोकांची राखीव क्षेत्रं आहेत, आणि डेथ व्हॅलीत टिंबिशा शोशोन. १९३९ च्या अदलाबदलीत संघराज्य सरकारने जमातींसाठी राखलेली सुमारे २,९०० एकर जमीन लॉस एंजेलिसला दिली आणि बदल्यात सुमारे १,४०० एकर घेतली. पाण्याच्या हक्कांचा प्रश्न तेव्हा लोंबकळत ठेवला गेला आणि तो अजून सुटलेला नाही. बिशप पायूटांचं क्षेत्र ८७५ एकर. तिथे घरांची टंचाई काउंटीतल्या इतर गावांहूनही तीव्र आहे. टिंबिशांना फर्नेस क्रीकमधले ३१४ एकर २००० सालच्या कायद्याने मिळाले. तोवर राष्ट्रीय उद्यानाच्या आत, स्वतःच्याच भूमीत, त्यांच्या नावावर जमीन नव्हती.

कर कुठून येतो

काउंटीचं मोठं उत्पन्न मालमत्ता करातून येतं, आणि संघराज्याच्या जमिनीवर तो लावता येत नाही. त्याची भरपाई म्हणून १९७६ च्या कायद्याने अशा काउंट्यांना दरवर्षी काही रक्कम मिळते. ती एकर आणि लोकसंख्या या दोन्हींवर ठरते, म्हणून लोक कमी असले की जमीन कितीही असली तरी वरची मर्यादा लवकर लागते. लॉस एंजेलिसला मात्र इन्योत मालमत्ता कर भरावा लागतो. एखाद्या शहराची जमीन त्याच्या हद्दीबाहेर असेल तर तिच्यावर कर लावण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत आहे, आणि त्याचं मूल्य एका ठरावीक सूत्राने काढतात. उरलेलं बरंचसं पर्यटकांवर येतं. डेथ व्हॅलीला वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक येतात. खोलीभाड्यावरचा कर आणि विक्री कर यातून त्यांचा वाटा काउंटीला मिळतो. पण डोंगरात हरवलेल्यांचा शोध आणि उन्हात कोसळलेल्यांची सुटका हा भारही याच १९ हजारांच्या काउंटीवर पडतो.

हे आकडे स्वतः पाहायचे तर

अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक काउंटीला पाच अंकी क्रमांक आहे. इन्योचा ०६०२७: पहिले दोन अंक कॅलिफोर्नियाचे, पुढचे तीन काउंटीचे. नावाऐवजी क्रमांकाने शोधलं तर चुकीची जागा येत नाही; अमेरिकेत एकाच नावाच्या काउंट्या अनेक राज्यांत असतात, आणि मोनो-इन्योसारखी शेजारची नावंही घाईत चुकतात.

घनता काढताना एकूण क्षेत्रफळ घेऊ नये, जमिनीचं घ्यावं. इन्योत फरक फक्त ११९ चौरस किलोमीटरचा आहे, पण ज्या काउंटीत मोठं सरोवर आहे तिथे उत्तर बदलून जातं.

वंश आणि हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषक देशांतलं) मूळ हे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. २०१० मध्ये इन्योत ७४ टक्के लोकांनी वंश गोरा असा लिहिला आणि १९ टक्के लोकांनी हिस्पॅनिक मूळ सांगितलं. दोन्ही गटांत बरीच माणसं समान आहेत, म्हणून या टक्केवाऱ्यांची बेरीज करून उरलेले मोजणं चूक.

दहा वर्षांच्या जनगणनेत शिक्षण, उत्पन्न, घरभाडं विचारलं जात नाही. ते वेगळ्या नमुना पाहणीतून येतं, आणि २०,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या काउंटीसाठी तिचे फक्त पाच वर्षांचे एकत्रित अंदाज प्रसिद्ध होतात. त्यामुळे इन्योच्या ‘२०२२ च्या सरासरी उत्पन्ना’त २०१८ ची उत्तरंही मिसळलेली असतात. प्रत्येक अंदाजाशेजारी त्रुटीची मर्यादा दिलेली असते. टेकोपा किंवा शोशोनसारख्या वस्तीत ती कधीकधी मूळ आकड्याएवढीच मोठी असते. अशा ठिकाणचं उत्पन्न किंवा वय उद्धृत करूच नये.

शिवाय २०२० पासून व्यक्तींची ओळख जपण्यासाठी लहान भागांच्या आकड्यांत कार्यालय मुद्दाम थोडी फेरफार करतं. राज्याचा एकूण आकडा अचूक राहतो, काउंटीच्या आकड्यातला बदल नगण्य असतो, पण शंभर-दीडशे माणसांच्या वस्तीत तो जाणवतो. तिथे पाच-दहा माणसं वाढली किंवा घटली असं दिसलं, तर त्यावरून गाव वाढतंय की ओस पडतंय हे ठरवता येत नाही. त्यासाठी शाळेचा पट, टपालपेट्या आणि वीजजोडण्या मोजणं जास्त भरवशाचं.